तिसऱ्या बेसवरचा माणूस

च्याई शहरातल्या 'सम्राट उद्यान' या बारा मजली इमारतीत समितीची बैठक चालू असताना पाणी प्यायला उठू नये, हे तिथे दोन वर्षं राहिलेल्या कोणालाही कळतं. चुआंग पो-युआन सोळा वर्षं राहिला होता, तरी उठला. पेला भरून परत आला तेव्हा टाळ्या वाजत होत्या. कोणासाठी आहेत हे न कळल्यामुळे त्यानेही सभ्यपणे दोन वाजवल्या. मग अध्यक्ष हुंग म्हणाले, "अभिनंदन, चुआंगसाहेब. मध्यशरदाच्या सणाची करमणूक यंदा तुमच्याकडे."

आदल्या वर्षी करमणूक म्हणून गाण्याचं यंत्र भाड्याने आणलं होतं. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी माइक सोडला नाही, आठव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी वायर उपटली, आणि तेव्हापासून ती दोन घरं एका लिफ्टने जात नाहीत. एक आत दिसलं की दुसरं जिन्याकडे वळतं. आठवा मजला त्या निमित्ताने चांगलाच बारीक झाला होता, पण समितीच्या मते हा करमणुकीचा हेतू नव्हता.

पो-युआन एका विमा कंपनीत आगीच्या विम्याचं काम बघायचा. कोणतं गोदाम पेटेल आणि कोणतं पेटणार नाही, याचा अंदाज बांधणं हा त्याचा धंदा आणि स्वभावही. सिग्नलचा हिरवा माणूस लुकलुकायला लागला की लोक पळत रस्ता ओलांडतात. पो-युआन मागे पाऊल घ्यायचा. करमणूक या विषयातलं त्याला काही कळत नव्हतं. त्याने एवढंच ठरवलं की ज्याला वायर नाही, ज्यात आवाज नाही आणि ज्यात एका माणसाला फार वेळ अडून बसता येणार नाही, असं काहीतरी हवं.

त्याला सुचलं ते इतकं साधं होतं की आजवर कोणाला कसं सुचलं नाही, या विचाराने तो स्वतःवरच खूश झाला. च्याईत माणूस चालायला लागण्याआधी बेसबॉल बघायला लागतो, आणि सॉसेजच्या गाडीवर वाडग्यात फासे टाकून 'जिंकलो तर दोन, हरलो तर एकावर भागवतो' हे बोलायला लागल्याबरोबर शिकतो. पो-युआनने या दोन गोष्टी एकत्र केल्या. एक वाडगा, एक फासा. दोन किंवा तीन पडले की तुमचा माणूस एक बेस पुढे, चार किंवा पाच पडले की दोन बेस, सहा पडले की चार. चार बेस झाले की एक धाव. हवं तितक्या वेळा टाका, हवं तेव्हा थांबा. थांबलात की झालेल्या धावा तुमच्या. अर्धवट राहिलेल्या माणसाचं काही मिळत नाही. आणि एक, म्हणजे फाशावरचा तो एकटा मोठा लाल ठिपका, पडला की बाद, त्या डावातल्या सगळ्या धावा गेल्या. असे तीन डाव. संपलं.

त्याने जेवणाच्या टेबलावर बायकोला बसवून प्रयोग केला. रुइ-चू एका औषधांच्या दुकानात काम करायची आणि गोळ्या मोजण्यात तिचा हात कोणी धरला नसता. माणूस म्हणून पो-युआनने शर्टाचं बटण ठेवलं होतं.

"थांब," तो म्हणाला. "दोन धावा झाल्या. आता थांबण्यात शहाणपण आहे."

"पण हा तिसऱ्या बेसवर आहे."

"असू दे."

"एवढा लांब आलाय. घर समोर दिसतंय त्याला. असा टाकून कसा देऊ?"

"रुइ-चू, ते बटण आहे."

तिने टाकला. लाल ठिपका पडला. तिने बटण उचलून पहिल्या जागी ठेवलं आणि म्हणाली, "पुन्हा." पुन्हाही तसंच झालं. मग तिसऱ्यांदा. पो-युआनने कागद ओढून तिला समजावून सांगायला घेतलं, की दोन धावांनंतर मिळण्याची आशा आणि गमावण्याची भीती यांचा तोल कसा फिरतो, म्हणून समजूतदार माणसाने दोनवर थांबावं. तो अपूर्णांकांपर्यंत पोचला असेल-नसेल, इतक्यात मागच्या खोलीचं दार उघडलं.

त्या खोलीत रुइ-चूचे वडील राहत होते. वसंतात सासूबाई गेल्या, तेव्हा को बाबांना गावाहून इथे आणलं. त्यांचा एक गुडघा धरलेला होता आणि बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. जेवायला यायचे, "हं" म्हणायचे, आत जाऊन दार लावायचे. मुलीने काही विचारलं तर "हं", जावयाने विचारलं तर तेही नाही. आज वाडग्यात फासा खळखळल्यावर ते काठी टेकत बाहेर आले, टेबलाशी उभे राहिले आणि कागदाकडे न बघता म्हणाले, "तिसऱ्यावर माणूस असताना थांबतात का कुठे?"

रुइ-चू उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून बराच वेळ काहीही न धुता उभी राहिली. पो-युआनला मात्र वाटलं, आपला अपूर्णांक सासऱ्यांना नीट दिसला नसावा.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. अध्यक्ष हुंग पाणी तापवायची यंत्रं विकायचे आणि साध्या वस्तूला एक जादा बटण जोडलं की भाव वाढतो, असा त्यांचा अनुभव होता. ते म्हणाले, बेस चोरायचा नियम ठेवा, गोलंदाजासाठी निळा फासा ठेवा, पावसाने सामना थांबण्याचीही सोय हवी. नवव्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर लो म्हणाले, "फासा प्लास्टिकचा नको. हाडाचा घ्या. हाताला फरक कळतो." त्यांच्याकडून हे ऐकताना पो-युआनची जीभ आपोआप दाढेवर गेली.

पण खरं संकट तिसऱ्या मजल्यावर होतं. फान बाई तीस वर्षं शाळेत शिस्तीच्या खात्याच्या प्रमुख होत्या. निवृत्त झाल्यावर त्या खाली येऊन लोकांच्या हेल्मेटचे पट्टे तपासायच्या. त्यांनी पो-युआनला लिफ्टच्या दारातच गाठलं.

"चुआंग, हा जुगार आहे."

"बाई, हा बेसबॉल आहे."

"वाडगा आहे की नाही?"

"आहे."

"वाडग्यात फासा, फाशावर बक्षीस. मी कमरेला शिट्टी लावून सॉसेजच्या गाड्यांवरून मुलं उचलून आणलेली आहेत. मला शिकवू नकोस. आधी पोलिसांची परवानगी आण."

पो-युआनने हसून सोडून द्यायला हवं होतं. पण कागदोपत्री सगळं नीट असावं ही त्याची जन्माची खोड. तो दुपारची सुट्टी घेऊन चौकीत गेला आणि आम्ही फासे खेळू का, असं विचारलं. तिथल्या हवालदाराच्या नोकरीत हा प्रश्न कोणी आधी विचारलेला नव्हता. त्याच्याकडे लोक खेळून झाल्यावर यायचे. त्याने पालिकेत पाठवलं. पालिकेने 'बेसबॉल' हा शब्द ऐकून क्रीडा विभागात पाठवलं. तिथल्या बाईंनी मैदान किती लांब-रुंद हवं म्हणून विचारलं. पो-युआनने हातांनी वाडग्याएवढा गोल करून दाखवला. त्या बराच वेळ त्या गोलातून त्याच्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही चौकीत विचारा."

चौकीत आता हवालदाराचे साहेब आले होते. ते म्हणाले, बक्षीस जागच्या जागी खाऊन संपणार असेल तर आमची काही हरकत नाही. "पण खेळायचं कसं, ते दाखवा. कळायला नको?" पो-युआनने खिशातून फासा काढला, चहाच्या पेल्यात खेळून दाखवला आणि बक्षीस म्हणून पिशवीतला सणाचा गोड मूनकेक मध्ये ठेवला. तो शास्त्रशुद्ध पद्धतीने तीनही डावांत दोनवर थांबला. साहेबांना हिशेब ठाऊक नसल्यामुळे ते शेवटच्या डावात दोनवर थांबलेच नाहीत आणि एका दमात नऊ धावा काढून बसले. मूनकेक त्यांनी कायद्याप्रमाणे जागच्या जागी संपवला. वर म्हणाले, "अहो, तुम्ही घाबरता फार."

सणाच्या संध्याकाळी इमारतीसमोर शेगड्या मांडल्या. दर वर्षी निखाऱ्याभोवती गर्दी असते आणि मांस कोणी उलटायचं यावरून पुरुषांत चुरस असते. यंदा सगळी गर्दी वाडग्याभोवती होती. मांसाचे तुकडे एका बाजूने कोळसा झाले आणि दुसऱ्या बाजूने कच्चेच राहिले, पण त्याकडे बघायला कोणी नव्हतं. जो तो एकच वाक्य बोलत होता: आता एवढा एक टाकतो. पाचव्या मजल्यावरच्या बाई बाद झाल्या तेव्हा आठव्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या तोंडून नकळत "अरेरे" निघून गेलं, आणि दोघंही चपापून दोन दिशांना बघायला लागले. फान बाई सुरुवातीला देखरेख करायला उभ्या होत्या. मग "नियम समजून घेण्यापुरता" एक डाव खेळल्या. मग खुर्ची मागवली.

को बाबा काठी मांडीवर आडवी ठेवून पहिल्या रांगेत बसले होते. शाळेत असताना ते चेंडू झेलायला फलंदाजामागे बसायचे, हे कोणीतरी त्यांच्या तोंडून काढून घेतलं, आणि मग त्यांच्याकडून प्रत्येक फाशावर मत मागितलं जायला लागलं. मत एकच असायचं. "टाक."

आणि पो-युआन हरत होता. हे कसं होतं ते त्याला कळेना. खेळ त्याचा, हिशेब त्याचा, आणि हिशेबाप्रमाणे खेळणारा तो एकटा. बाकीचे डोळे मिटून टाकत होते, तीनातल्या दोन डावांत पार धुऊन निघत होते, आणि तिसऱ्यात सात-आठ धावा काढून बक्षिसाचं सॉसेज खात होते. तो इमानदारीने दोनवर थांबला की कोणीतरी हळूच उसासा टाकायचं, जसं लग्नाच्या जेवणात कोणी पथ्य सांगितल्यावर टाकतात. त्याने एकदा जाहीरपणे सांगून बघितलं की शंभर वेळा खेळलं तर शेवटी तोच पुढे असेल. डॉक्टर लो म्हणाले, "शंभर वेळा कोण खेळतंय, चुआंगसाहेब? आज सण आहे."

त्या रात्रीचा अपमान तेवढ्यावर संपता तर पो-युआन तो गिळून मोकळा झाला असता. पण दोन दिवसांनी तो लिफ्टमधून जात असताना सहाव्या मजल्यावरच्या दोघी बोलत होत्या. "अगं, मालकाने पगार वाढवायचं काढलं होतं. मी आणखी थोडं ताणायला हवं होतं. उगीच चुआंग मारला." दुसरीने तिला चिमटा काढला. पहिलीने मागे वळून पाहिलं आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, "जेवलात का, चुआंगसाहेब?"

म्हणजे तो क्रियापद झाला होता. चुआंग मारणे: घर समोर दिसत असताना मधेच थांबणे. आठवडाभरात हा शब्द दारावरच्या रखवालदारापर्यंत पोचला. भाजीवालीने भाव कमी करायला नकार दिला आणि गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे काढायला लागलं, की शेजारचा म्हणायचा, चुआंग मारू नका, अजून ओढा. पो-युआनचे आजोबा चिनी हस्ताक्षराचे नामांकित शिक्षक होते. तीन पिढ्यांनी जपलेल्या आडनावाचं हे असं झालं. त्याने रुइ-चूपाशी दुःख मोकळं केलं.

"चुआंग पो-युआन," ती म्हणाली. पूर्ण नाव आलं की तो सावध व्हायचा. "मला लग्नाचं विचारायला तुला चार वर्षं लागली होती. शब्द आत्ता निघालाय, एवढंच."

इमारतीत आता सगळंच वाडग्यात ठरायला लागलं. गच्चीवरची टाकी कोणी धुवायची, लिफ्टमध्ये कोणाचा कुत्रा आधी. को बाबा रोज दुपारी खाली जाऊन रखवालदाराच्या टेबलाशी बसायचे आणि जेवायच्या वेळेला त्यांना हाक मारावी लागायची. रुइ-चूला त्याचं इतकं अप्रूप होतं की ती हाक मारायला मुद्दाम उशीर करायची. अशात शरद ऋतूतली समितीची बैठक आली आणि तिच्यापुढे तळघरातल्या गाड्यांच्या जागांचा विषय होता.

दर वर्षी पेटीतून चिठ्ठ्या काढून जागा ठरत. आदल्या वर्षी पो-युआनला लिफ्टच्या दाराला लागून असलेली जागा मिळाली होती. गाडीतून उतरून को बाबा काठी न टेकता लिफ्टमध्ये शिरू शकत. आठवड्यातून दोनदा त्यांना गुडघ्याच्या व्यायामाला न्यावं लागे, त्यामुळे ती जागा म्हणजे या घराचा श्वास होता. पो-युआन या वेळी पाणी प्यायला उठला नव्हता. खुर्चीला चिकटून बसला होता. तरीही ठराव आला: यंदा जागा फाशाने ठरवाव्यात.

"जागा खाता येत नाही," फान बाई म्हणाल्या.

पो-युआनने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं.

अध्यक्ष हुंग विचारात पडले. मग म्हणाले, "पपनस खाता येतं. प्रत्येक धावेला एक फोड. जागच्या जागी खायची. ज्याने जास्त फोडी खाल्ल्या, त्याला जागा निवडायला आधी बोलवायचं. आता आधी कोणाला बोलवायचं हा शिष्टाचाराचा भाग झाला. त्यात जुगार कुठे आला?"

फान बाईंनी डोळे मिटून हे तपासलं आणि मान डोलावली. पो-युआन उठून म्हणाला की घरात म्हातारं माणूस आहे, निदान त्याची जागा या प्रकारातून वगळावी. हुंग जरा अवघडले. "आम्हीही तोच विचार केला होता. पण को काका काल स्वतः सांगून गेले. सवलत नको म्हणाले. आम्ही खेळणार म्हणाले."

"आम्ही म्हणजे कोण?"

"तुम्ही, असं वाटतं."

खेळ तळमजल्यावरच्या दालनात झाला. फान बाई हातमोजे घालून पपनस सोलत होत्या आणि तोंड उघडायला लावून फोड खरंच गिळली का ते बघत होत्या. डॉक्टर लो यांनी नवी गाडी घेतली होती, ती खांबांमधून वळत नव्हती, म्हणून त्यांनाही लिफ्टजवळची जागा हवी होती. त्यांनी तिसऱ्या डावात जीव खाऊन सात धावा काढल्या आणि सात फोडी खाऊन ते मागे बसले. सर्वांत शेवटी पो-युआनची पाळी आली. त्याने पहिल्या डावात दोन काढल्या आणि थांबला. दालनात कोणीतरी हलकेच "चु..." असं सुरू करून खोकल्यात बुडवलं. दुसऱ्या डावात त्याने पुन्हा दोन काढल्या आणि थांबला. चार झाल्या. शेवटच्या डावात निदान चार हव्या होत्या, आणि चारपर्यंत जायची त्याची हिंमत कधी झाली नव्हती. त्याने फासा उचलला, ठेवला, हात पँटला पुसले.

"सरक," को बाबा मागून म्हणाले.

"बाबा, मी करतो."

"तू करत नाहीयेस. सरक."

एकाचा डाव दुसऱ्याने खेळावा का, यावर चर्चा झाली. फान बाईंनी निकाल दिला की बेसबॉलमध्ये फलंदाज बदलता येतो. मग को बाबा बसले. बोटं वाकडी झालेली होती, फासा मुठीत न घेता ते चिमटीत धरत आणि वाडग्याच्या कडेला अलगद सोडत. एक धाव. दोन. ज्या ठिकाणी पो-युआनला गेला महिनाभर धाप लागत होती ती जागा त्यांनी न बघता ओलांडली. तीन. सहा पडले आणि चार झाल्या.

सगळे एकदम उठले. आठ झाल्या होत्या, जागा जिंकली होती. फान बाईंनी चार फोडी बशीत काढून पुढे ठेवल्या. डॉक्टर लो यांनी मोठ्या मनाने पुढे होऊन हात पुढे केला. को बाबांनी तो हात बघितलाच नाही. ते वाडग्याशेजारच्या बटणाकडे बघत होते. बटण तिसऱ्या बेसवर होतं.

"बाबा," पो-युआन म्हणाला, "झालं. आपण जिंकलो. उठा."

"हं," को बाबा म्हणाले.

"बाबा, मी पाया पडतो."

त्यांनी फासा चिमटीत घेतला. पो-युआनने रुइ-चूकडे पाहिलं, की मुलीचं तरी ऐकतील. रुइ-चू दोन्ही हात तोंडावर धरून बटणाकडेच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते पाहून पो-युआनला कळलं की या घरात आपण एकटे आहोत.

फासा कडेवरून उतरला, दोनदा अडखळला आणि लाल ठिपका वर करून बसला.

फान बाईंनी बशी परत ओढून घेतली. पो-युआनला पूर्वी एकदा जळलेल्या कागद गिरणीची पाहणी करायला जावं लागलं होतं. तिथे मालक राखेकडे असाच बघत उभा होता, आणि आपण त्याला तेव्हा काय विचारलं होतं हे आठवून आता त्याला लाज वाटली. त्याने विचारलं होतं, तुम्ही वेळेवर का नाही थांबलात.

उरलेल्या चार फोडींवर त्यांच्या वाट्याला तळघराच्या पार पलीकडची, पाण्याच्या पंपामागची जागा आली. पंप गळत होता. गाडीतून उतरून लिफ्टपर्यंत येणं म्हणजे को बाबांसाठी एक सहल होती. ते दर खांबाशी थांबून दम घेत, पो-युआन छत्रीसारखा त्यांच्या शेजारी वाकून उभा राही, आणि लिफ्टला लागून डॉक्टर लोंची गाडी झळकताना दोघांना दिसत राही. रुइ-चू आठ दिवस बोलली नाही. वडिलांशी नव्हे, नवऱ्याशी. वडिलांना ती पपनस सोलून द्यायची. पो-युआनने न राहवून विचारलं की फासा तर त्यांनी टाकला, मग माझा गुन्हा काय. ती म्हणाली, "तू त्यांना सगळ्यांसमोर पाया पडतो म्हणालास. खेळू द्यायचं नव्हतंस तर खेळ काढलास कशाला?"

मग व्हायचं ते झालं. पंपाच्या शेजारच्या जागेवरून दोन घरांत जुंपली, टाकी धुण्यावरून तीन घरांत, आणि एका संध्याकाळी आख्खा चौथा मजला खेळात इतका गुंगला की कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येऊन निघून गेली आणि त्यांचा कचरा दोन दिवस जिन्यात राहिला. समितीने तातडीची बैठक घेतली. खेळावर बंदी घालण्यात आली. प्रत्येक घरातले फासे गोळा करून समितीकडे जमा करायचे आणि हे काम, साहजिकच, ज्याने हे सगळं सुरू केलं त्याने करायचं. पो-युआन बैठकीला हजर होता, जागा होता, आणि विरोधात बोललाही. त्याचा काही उपयोग झाला नाही.

रविवारी दुपारी तो कापडी पिशवी घेऊन बाराव्या मजल्यापासून खाली निघाला. लोकांनी फासे दिले, पण देताना त्याच्याकडे असं बघितलं की जणू तो वसुलीला आलेला परका माणूस. आठव्या मजल्यावर दार उघडलं तर आत पाचव्या मजल्यावरच्या बाई वाडग्यापाशी बसलेल्या होत्या. त्यांनी दोघांनी मिळून त्याला बाहेर उभं ठेवलं. डॉक्टर लोंनी हाडाचा फासा रुमालात गुंडाळून दिला आणि डोळे टिपले. फान बाईंनी आपल्याकडे फासा असल्याचंच नाकारलं. तो वळला तेव्हा दार बंद होता होता आत काहीतरी खळखळलं. त्याने ते ऐकलं नाही असं ठरवलं.

शेवटचं घर त्याचंच होतं. को बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते, समोर वाडगा होता. बैठकीत काय ठरलं ते त्यांना कळलं होतं.

"न्यायला आलास?"

"हो, बाबा. माझाच नाइलाज आहे."

"एक डाव खेळ. जिंकलास तर घेऊन जा."

पो-युआन बसला. को बाबांनी आधी टाकला, आणि नेहमीप्रमाणे तिसऱ्या धावेच्या उंबऱ्यावर लाल ठिपक्याने कोसळले. शून्य. आता पो-युआनला एक धाव पुरे होती. त्याने टाकला. चार पडले. पुन्हा टाकला. पाच पडले. एक धाव झाली. बटण घरी आलं, तो जिंकला.

को बाबांनी मान हलवली. तक्रारीची मान नव्हती ती. त्यांनी फासा बोटाने त्याच्याकडे ढकलला, काठी ओढून घेतली आणि उठायची तयारी म्हणून दोन्ही पाय खोलीच्या दाराकडे वळवले. पो-युआनने पिशवीचं तोंड उघडलं. फासा आत टाकायचा, एवढंच राहिलं होतं. हिशेब अगदी स्वच्छ होता, त्याला कागदाचीही गरज नव्हती.

त्याने फासा वाडग्यात टाकला.

को बाबांचे पाय परत टेबलाखाली आले. तीन पडले होते. पो-युआनने परत टाकला. दोन धावा झाल्या आणि तो थांबला नाही, तीन झाल्या आणि थांबला नाही. खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. रुइ-चू कचऱ्याची बांधलेली पिशवी हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली, टेबलाकडे बघून थबकली, आणि गाणं कोपऱ्यावरून वळून विरून गेलं तरी तिथेच उभी राहिली. चौथी धाव झाली. एवढ्या लांब तो कधी आला नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि हे इतके दिवस सगळी इमारत कशासाठी करत होती ते त्याला पहिल्यांदा, फार उशिरा, समजत होतं.

मग लाल ठिपका पडला.

"गाढव आहेस," को बाबा म्हणाले. "जिंकला होतास की."

"हो."

"मग?"

पो-युआनने बटण उचलून पहिल्या जागी ठेवलं. को बाबांनी वाडगा स्वतःपुढे ओढला, आणि मान न वळवता मुलीला म्हणाले, "ती घाण ठेव दारात आणि खुर्ची आण. तीन जण असले की बरं पडतं."

पुढच्या बैठकीत पो-युआनने पिशवी अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवली आणि उभं राहून अहवाल दिला, की एक घर सोडून सर्व घरांतले फासे जमा झाले आहेत. फान बाई छताकडे बघायला लागल्या. हुंगनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, त्या घराचं काय.

"प्रयत्न चालू आहेत," पो-युआन खाली मान घालून म्हणाला. "रोज जेवणानंतर बसतो."